चेलोंच्या रांगेतली नीलू

नीलू,

तुझ्या तेराव्याला कुसुममावशीनं तुझ्या फोटोसमोर बसून ठेका धरला. मांडीवर, दोन्ही हातांनी. हसू नकोस. तिचा काही दोष नव्हता, गाणं मी लावलं होतं.

झालं असं, की जेवणं आटोपली, मागचं आवरून झालं, आणि अशा दिवशी दुपारी जी एक शांतता येते, ज्यात कुणाला उठताही येत नाही आणि बसवतही नाही, ती आली. कुणीतरी म्हणालं, "नीलूचं काहीतरी लावा ना." मला केवढा आधार वाटला! घरातला बोलघेवडा म्हणून माझी ख्याती. बारशापासून बाराव्यापर्यंत कुठलाही प्रसंग मी गोष्टी सांगून निभावून नेतो, आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या तोंडून 'या' आणि 'बसा' याखेरीज शब्द फुटला नव्हता. धावत जाऊन स्पीकर आणला आणि ते गाणं लावलं, ज्यात नायिका घाटातून जीप हाकते आणि मागे वाद्यांचा समुद्र उसळतो. त्या समुद्रात चेलो घेऊन तू होतीस. तूच सांगितलं होतंस.

गाणं सगळ्यांना पाठ. मावशीनं ठेका धरला, काका गुणगुणले, शेजारच्या शुक्लाजींची सून ओठांतल्या ओठांत शब्द म्हणू लागली, आणि मग एकदम सगळ्यांना आठवलं की आपण कशाला जमलोय. मावशीनं जीभ चावली. पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "विनू, ह्यातली आपली नीलू कुठली रे?"

मी ठामपणे सांगितलं, "ते मागे घूं घूं घूं चाललंय ना, ते."

"ते तर ढोलकसारखं वाटतंय."

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "ते ढोलकच आहे."

त्या दिवसापासून मी तुला शोधतोय.

मला तुझा आवाज आठवत नाही, नीलू. बोलण्याचा आठवतो. 'दादा, गोष्ट सांगताना तू श्वास कुठे घेतोस रे?' हे अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतं. पण चेलो आठवत नाही. गडद होता, जरा घोगरा होता, तू खालच्या तारेवर उतरलीस की खिडकीचं तावदान थरथरायचं, हे सगळं मला शब्दांत माहीत आहे. कानात काही नाही. जन्मभर तो पलीकडच्या खोलीत वाजत राहिला, पंख्यासारखा. पंख्याचा आवाज कोण लक्षात ठेवतं?

तुझा फोन उघडला. म्हटलं, रोजचा रियाज तरी असेल. रिकामा! मग आठवलं, तू रेकॉर्ड करायचीस, ऐकायचीस आणि पुसून टाकायचीस. एकदा मी हळहळलो तर म्हणालीस, "साठवायचं नसतं दादा, दुरुस्त करायचं असतं." आमच्या घरच्या व्हिडिओंमध्ये तू आहेस, पण त्यात आम्हीही आहोत. माझ्या छोटूच्या बारशाला तू वाजवत होतीस तो व्हिडिओ काढला. सुरुवातीला गजाची एक ओढ ऐकू येते न येते तोच स्मिताच्या आईचा आवाज येतो, "श्रीखंडात जायफळ जास्त झालंय का हो?" आणि तिथून शेवटपर्यंत जायफळच चाललंय. तू मागे हात हलवताना दिसतेस, मूकपटातल्यासारखी.

शेवटी परवा मी स्वतःच पेटी उघडून चेलो काढला. तू धरायचीस तसा गुडघ्यांमध्ये धरला आणि गज ओढला. जो काही आवाज निघाला, तो ऐकून स्मिता स्वयंपाकघरातून पळत आली आणि खालच्या मजल्यावरून मिश्राजींनी ओरडून विचारलं, "विनोदजी, मोटर जल गई क्या?" मी चेलो परत ठेवला. पेटीची कडी काही केल्या लागेना. स्मितानं लावली. तिनं न मागता चहा ठेवला, आणि तुला माहीत आहे, तुझी वहिनी न मागता चहा ठेवते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

ह्या सगळ्याचं मूळ ते डिमेलो सर. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्या समोरच्या ब्लॉकमध्ये त्यांची मुलगी राहायची, आणि मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आयुष्य काढून म्हातारे सर तिच्याकडे आले ते माणसाएवढ्या व्हायोलिनसारखं हे धूड घेऊन. तू त्यांच्या दारात उभी राहून ऐकायचीस. बाबांना तुला गाणं शिकवायचं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत बाजाच्या पेटीवर बसणारे बाबा, त्यांची मुलगी गाणार हे ठरलेलंच होतं. तू म्हणालीस, मला ते शिकायचंय. बाबा म्हणाले, "ते काय आहे?" तू म्हणालीस, "चेलो." बाबा म्हणाले, "कुठे?"

चलो आणि चेलोचा हा घोळ भोपाळनं पुढे तुझ्या बाबतीत जन्मभर घातला. बिट्टन मार्केटातला आपला भाजीवाला आठवतो? "दीदी, बंबई में आप करती क्या हो?" "चेलो बजाती हूँ." "चलो, बजाती तो हो! हमारी वाली तो बस मोबाइल देखती है." तू मेथीची जुडी हातात घेऊन इतकी हसलीस की त्यानं वरून कोथिंबीर घातली.

आणि बाबांची ती फरशी! चेलोच्या तळाला लोखंडी टोक असतं, ते जमिनीत रोवून बसायचं असतं, हे कळल्यावर बाबांची झोप उडाली. "सरकारी फरशीला भोक? क्वार्टर सोडताना तपासणी होते!" मग आईनं तिची जुनी स्लिपर दिली. तू ते टोक स्लिपरमध्ये खुपसून वाजवायचीस, आणि जोरात गज ओढलास की स्लिपरसकट चेलो पुढे पुढे सरकायचा, मागोमाग खुर्ची ओढत तू. खोलीच्या ह्या भिंतीपाशी सुरू केलेला सराव त्या भिंतीपाशी संपायचा. मी दोस्तांना सांगायचो, माझी बहीण वाजवत नाही, चालवते.

तुला एक मात्र मानलं पाहिजे. आपल्यासारख्या घरात तू वाद्य शिकलीस. बाबा सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारे. मी गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात मोटरच्या दांड्याभोवती बसणारी बुशिंग तपासतो, म्हणजे तेच, फक्त लोखंडात. आई तर आल्यागेल्याच्या पोळीतही चूक काढायची. आपल्याकडे एखादी गोष्ट उत्तम झाली की कुणी 'छान' म्हणत नाही, 'ठीक' म्हणतात, आणि फारच उत्तम झाली तर काहीच म्हणत नाहीत. डिमेलो सर गेल्यावर तू मुंबईला निघालीस तेव्हा आदल्या दिवशी बाबांना बसवून एक आख्खा तुकडा वाजवून दाखवलास. बाबा काहीच म्हणाले नाहीत. तू स्टेशनवर मला मिठी मारून सांगितलंस, "दादा, बाबा काहीच बोलले नाहीत!" आणि तुझा चेहरा असा उजळला होता की गाडीतल्या बाईला वाटलं तुझं लग्न ठरलंय.

मग वीसेक वर्षं मुंबई. सकाळची शिफ्ट, संध्याकाळची शिफ्ट, स्टुडिओतली एसीची थंडी. पुढे एक माणूस कीबोर्डवर चाळीस माणसांचं काम करू लागला, तेव्हा लग्नांची रिसेप्शनं आणि हॉटेलांच्या लॉब्या. मग ऑर्केस्ट्रा, परदेशचे दौरे, जिथून तू आम्हाला तुझा नाही, रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवायचीस आणि त्यातल्या एका खुर्चीवर बाण काढायचीस. तो बाण कायम दुसऱ्या स्टँडवर असायचा, म्हणजे दोघांत एक कागद ठेवायच्या मागच्या घोडीपाशी. मी नकाशावर गाव शोधून झाल्यावर विचारायचो, "पुढे कधी सरकणार?" तू अंगठा दाखवायचीस, फोनवरचा.

आपलं भांडण तिथलंच. तू बाबांसाठी कायमची इकडे परत आलीस, बोलावणं आलं की पेटी उचलून मुंबईला जायचीस, तेव्हा तर ते रोजचं झालं. गेल्या पावसाळ्यात आपण बाजारातून येत होतो, माझ्या हातात पिशव्या, आणि मी पुन्हा सुरू केलं.

"तुझं एकटीचं काहीतरी रेकॉर्ड कर ना ग. एवढी वर्षं वाजवतेस, कुठे नाव नाही, कुठे आवाज नाही."

"आवाज आहे की सगळीकडे."

"सगळ्यांबरोबर."

तू थांबलीस. "दादा, तू बुशिंग तपासतोस. मोटर चालते तेव्हा बुशिंगचा आवाज येतो?"

"आला तर ते रिजेक्ट."

"मग? माझा वेगळा ऐकू आला तर मी रिजेक्ट. चौघांनी मिळून एकच चेलो वाजतोय असं वाटलं पाहिजे."

"तू बुशिंग आहेस का?"

"आहे."

"मूर्ख आहेस."

"तेही आहे. दुधी कुठल्या पिशवीत आहे? खाली टोमॅटो आहेत."

भांडण तिथे राहिलं. दिवाळीत उटणं लावताना तू म्हणालीस, पाठ दुखते. आम्ही म्हटलं, ते धूड उचलून दुखत असेल. तुळशीच्या लग्नाला तू दवाखान्यात होतीस, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत दवाखानाही संपला. तिथे तू औषधांबद्दल बोललीस, बाबांच्या कवळीबद्दल बोललीस, पण रेकॉर्डिंगचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. मी अजूनही म्हणतो, नीलू, माझं बरोबर होतं. आयुष्यात एकदाच तुझ्याशी वाद घालून बरोबर ठरलोय आणि असं वाटतं की ही भिंत फोडावी.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगतो. आई गेली त्या उन्हाळ्यात तू तिच्या खाटेला चेलो टेकवून वाजवायचीस. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून पडायची. म्हणायची, "मांजर घुरघुरतंय." शेवटी शेवटी आई आपल्याला ओळखत नव्हती, पण त्या मांजराला ओळखायची. त्या दुपारी तू आपल्या आईला जे दिलंस, त्याची परतफेड करायला मी तुझ्यासाठी काय केलं? दवाखान्यात मोसंबी सोलली. त्यातल्याही बिया राहिल्या, म्हणालीस.

तर शोध. तुझ्याच त्या बुशिंगनं मला वाट दाखवली. तू बरोबर वाजवलंस म्हणून सापडत नाहीस ना? मग कुठेतरी तू चुकली असशील, तिथे सापडशील! एखादा सूर आधी आला असेल, एखादा उशिरा सुटला असेल. चूक शोधणं तर माझा धंदा. कारखान्यातून आलो की हेडफोन लावून बसतो. तू ज्या ज्या गाण्यांची नावं कधीकाळी घेतली होतीस ती सगळी गाणी, सगळे कार्यक्रम. जेवायला वाढलंय हे स्मिता खांद्यावर टिचकी मारून सांगते. देवासमोर हात जोडून मी काय मागतो ठाऊक आहे? माझ्या बहिणीनं एकदा तरी बेसूर वाजवलेलं असू दे. कुठला भाऊ असं मागतो! कारखान्यात परवा एक आख्खी खेप मी पास करून टाकली, न बघता. सुपरवायझर म्हणाला, "सर, तबीयत ठीक है?" मी म्हणालो, ठीक.

सापडली नाहीस. एक चूक नाही. ह्या घरात जन्मून एक चूक नाही, हा काय आडमुठेपणा!

मग मेल्विनला फोन केला. तुझा स्टँडवरचा जोडीदार, तुझ्या शेजारी बसून तुझ्याच कागदावरून वाजवणारा. तेराव्याला येऊ शकला नव्हता, फोनवर रडला होता. मी सरळच विचारलं, "मेल्विन, नीलू कुठे चुकली होती?"

त्यानं आधी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "विनूभाई, चुकली तर वन मोर टेक होतो. गलत टेक कोण ठेवतो?"

"स्टेजवर?"

"स्टेजवर मी चुकलो. ती माझ्या पायावर पाय द्यायची."

मी म्हणालो, मला तिला ऐकायचंय. एकदा. मला वेड लागायची पाळी आलीये. हे मी असंच म्हणालो, मेल्विनला, ज्याला मी आयुष्यात दोनदा भेटलो असेन.

तो म्हणाला, "रुको. सुनो. आम्ही दोघं एका स्टँडवर. मी बाहेरच्या चेअरवर, नीलू आतल्या. आतवाला पान उलटतो, बाहेरवाला वाजवत राहतो. कायदा आहे. एक रेकॉर्डिंग है मेरे पास, हॉलमधला प्रोग्राम, चारच चेलो होते. पुढच्या दोघांनी पानं चिकटवून लांब पट्टी केली होती, त्यांना उलटायचं नव्हतं. नीलूला ते आवडायचं नाही. म्हणायची, हे काय परकर वाळत घातल्यासारखं."

"बरं, मग?"

"मग स्लो वाला जो पार्ट आहे, त्यात व्हायोलिनं वर जाऊन थांबतात. उधर नीलू पान उलटते. दोन सेकंद, तीन सेकंद. चाराचे तीन होतात. जो कमी होतो ना विनूभाई, ती नीलू."

"म्हणजे जो आवाज नाही, तो तिचा?"

"हाँ. और फिर वापस आती है. तोही तिचा."

त्यानं ते पाठवलं. आज रविवार. गॅलरीत ऊन होतं, बाबांना माकडटोपी घालून खुर्चीत बसवलं होतं. मला वाटलं, हेडफोन नको, बाबांनाही ऐकू दे. स्पीकर बाहेर आणला, काय ऐकायचं ते सांगितलं. तू गेल्यापासून बाबांनी तुझ्याबद्दल 'गेली' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. कुणी आलं तर 'नीलू नाहीये' म्हणतात, जशी काही दळण आणायला खाली उतरली आहेस. त्यांनी मान डोलावली, डोळे मिटले, आणि छापखान्यात प्रूफ वाचताना ओळीखाली ठेवायचे तसं बोट खुर्चीच्या हातावर ठेवलं.

संथ भाग आला. व्हायोलिनं वर चढली. मी श्वास रोखला. वर जाऊन ती थांबली, खाली काहीतरी गडद चाललं होतं, एकसंध, सायीसारखं. मला त्यात चार ऐकू येत नव्हते, तीन ऐकू येत नव्हते, काही मोजता येत नव्हतं. खाली शुक्लाजींचा नातू सायकलची घंटी वाजवत होता, त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

बाबांचं बोट थांबलं.

"गेली," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, ओठ जरा उघडे, वाट बघत असल्यासारखे. आणि मग ते बोट हळूच पुढे सरकलं.

"आली."

मी म्हणालो, "हो बाबा. आली."

नीलू, मला नाही ग ऐकू आलीस. ना जाताना, ना येताना. मी आपलं म्हटलं. बाबांनी डोळे उघडले नाहीत, नुसतं म्हणाले, "पुन्हा लाव."

लावतोय. माझ्या कानांचा भरवसा नाही, तुला माहीत आहे. ह्या खेपेला पान जरा सावकाश उलट.